मिसरीच्या आधी

स्वरूपाला झोपेतच वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, उबदार, किंचित कडवट. त्या वासाबरोबर ती पाच वर्षांची झाली, आईच्या पदरात शिरली, आणि दूर माळावर मेंढरांच्या गळ्यातली घुंगरं वाजत राहिली. मेंढरं जाऊन रानात ऊस आला त्याला जमाना झाला होता, पण स्वप्नाला कोण समजावणार!

डोळे उघडले तर निरवांगीच्या घराच्या पडवीत आई बसलेली. बनाबाईचं एक बोट तोंडात, आणि दुसऱ्या हातात लेकीनंच दिलेली प्लॅस्टिकची नळी.

"आई, काय करतीस?"

"मिसरी लावतीया. ही झाली की थुकते तुझ्या नळीत."

स्वरूपाची झोप खाडकन उडाली.

बारामतीच्या कॉलेजात ती जीवरसायनशास्त्र शिकवायची. ताण वाढला की अंगात एक संप्रेरक वाढतं. त्याचा आणि शरीरातल्या दाहाचा संबंध काय, या एका प्रश्नामागं तिनं उभी हयात घालवली होती. निरवांगी आणि कळसच्या बायकांची, डोळे उघडताक्षणीची लाळ तिनं दोन वर्षं गोळा केली, अजूनही करत होती. आकडे असे देखणे आले, की ती हरखून गेली. तंबाखूनं दोन्ही वाढतात, पण तंबाखूला न शिवणाऱ्या बायकांत एवढा ताण, एवढा दाह! पेपर परदेशात स्वीकारला गेला होता, आणि त्याच्या जोरावर प्राध्यापकपद जवळजवळ पदरात पडलं होतं.

"रोज नळीच्या आधी मिसरी लावतीस?"

"मग? पारोशा तोंडानं थुकू व्हय तुझ्या कामात? समद्याच बाया लावत्यात."

"पण तंबाखू खात नाही म्हणून सांगितलंत की सगळ्यांनी!"

"न्हायच खात. मिसरी काय खात्यात व्हय?"

बायकांनी स्वरूपाच्या कामाचा मान राखला होता. चुकली होती ती. या वासात वाढलेल्या पोरीला मिसरीबद्दल विचारायचं सुचू नये! तिला स्वतःची फार लाज वाटली.

तिनं विभागप्रमुख अविराजसरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"मॅडम, सोडा हो," ते म्हणाले. "तिकडं कुणाला माहितीय मिसरी?"

"मला माहितीय, सर. पेपर मागं घेते."

"बरं. पदाचं मग पुढच्या वेळी बघू."

तिची निवृत्ती तोंडावर आलेली. पुढची वेळ येणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिवसभर ती उसाच्या बांधावरून नुसती हिंडत राहिली. वारा सुटला की पाचट सळसळे, आणि तिला क्षणभर आपण कोण, कुठल्या वयाच्या, तेच उमगेना. जेवताना बनाबाईनं हळूच विचारलं, "आमची थुकी वाया गेली का गं?"

"चूक माझी हाय, आई."

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा अंगणात ऊन उतरलं होतं. उंबऱ्यावर बनाबाई बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून, कपाळाला फडकं आवळून. मिसरीवाचून तिचं डोकं ठणकत होतं.

"उठलीस व्हय? मी कवाची बसलीया. गाढ झोपलीवतीस, उठवू वाटंना. आण ती नळी. आज कायबी न्हाय लावलं बघ."

उठून इतका वेळ गेल्यावर घेतलेला नमुना तपासणीच्या काही कामाचा नसतो. स्वरूपानं नळी पुढं धरली. बनाबाई मान खाली घालून, सावकाश, जपून त्यात थुंकली. स्वरूपानं झाकण घट्ट लावलं, नळीवर आईचं पूर्ण नाव लिहिलं आणि ती बर्फाच्या डब्यात नीट उभी ठेवली.