पाटीखालची पाटी

"काका, वॉर्ड कचेरीच्या मॅडम निघायच्या घाईत आहेत. काय दाखवायचं ते लवकर दाखवा, नाहीतर गल्ली गेली!" मोबाइल दुरुस्त करणारी पोरगी शिडी धरून म्हणाली.

पेंटर तिच्याच दुकानाच्या पाटीपर्यंत चढला. कचेरीचा हुकूम होता, साठ वर्षांहून जुनी बांधकामं राहतील, बाकीच्यांवरून रस्ता जाईल. जुने कागद कचेरीतच वाळवीने फस्त केले होते, आणि पुरावा मात्र गल्लीने द्यायचा! बरं, सगळ्या दुकानांची ओळ एकाच भिंतीची. एक जुनं ठरलं की सगळी तरली.

सारी भिस्त पेंटरच्या आळसावर होती. "आधी जुना रंग खरवड रे," म्हणून बाप ओरडून थकला, पण याने आयुष्यात एक पाटी खरवडली असेल तर शपथ. दुकान बदललं की जुन्यावरच पांढरा हात, त्यावर नवं नाव. बापही पेंटरच, पण शिस्तीचा. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात रंगवल्याचं साल टाकायचा.

खरवडायचा पत्रा चालू लागला. मोबाइलची चंदेरी अक्षरं गळली, त्याखालून कॅसेटवाला निघाला. मग समुद्रापलीकडून आलेल्या शिंप्याचं नाव, त्याच्याच लिपीत.

"हे काय लिहिलंय?" मॅडमनी विचारलं.

"मला कुठं वाचता येतंय! त्यानं कागदावर काढून दिलं, मी वळणं गिरवली."

"तो परत गेला?"

"कशाला जातोय! त्याची नात समोरच्या शाळेत शिकवते."

शिंप्याखाली फोटो स्टुडिओ होता. पेंटरचा हात थांबला. चाळीस वर्षांचं काम शिडीच्या पायाशी कपच्या होऊन पडलं होतं. मग त्याने शेवटचा थर हलक्या हाताने काढला. खाली बापाचं टपोरं अक्षर: 'कुलूप-किल्ली'. कोपऱ्यात साल.

मॅडम स्वतः शिडी चढल्या. बोट फिरवून पाहिलं, मनातल्या मनात हिशेब केला.

"बहात्तर वर्षं. राहू दे गल्ली."

असा गलका उठला की पलीकडच्या चौकातली माणसं धावत आली. मोबाइलवालीने तर शिडीच सोडून दिली. मॅडम कशाबशा सावरल्या.

कारकुनाने पंचनामा पुढे केला. "साक्षीदार म्हणून इथं सही करा."

पेंटरने हात पुसले आणि लिहायला घेतलं. तीन ओळी भरल्या, समास ओलांडला, तरी नाव संपेना.

"अहो, केवढं लिहिताय! चौकटीत मावेल असं लिहा की!"

"बारीक लिहायची सवय नाही हो," पेंटर म्हणाला, आणि खाली सालही टाकलं.