बारा वाजेपर्यंतचं मौन

रोज दुपारी बारापर्यंत मी मौन पाळते. आमच्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांची बैठक अकराला असते, म्हणून मी तिथे नुसती ऐकत बसते. अध्यक्ष माझे धाकटे दीर. ते हसून म्हणतात, "वहिनींसारखे विश्वस्त सगळ्यांना मिळोत!"

आज दारातच स्वयंपाकीणबाईंनी मला अडवलं. "बाई, ही इमारत हॉटेलला द्यायला तुम्हीसुद्धा हो म्हणालात? या चाळीस म्हाताऱ्यांनी जायचं कुठे?"

मी चक्रावले. मागच्या बैठकीत दोघं बाजूने होते, दोघं विरुद्ध. ठराव पडला असं समजून मी घरी गेले होते. आत जाऊन इतिवृत्ताची वही उघडली. बाजूने तीन, आणि तिसरं नाव माझं!

वही दीरांपुढे धरून मी त्या नावावर बोट ठेवलं.

"अहो वहिनी, मौन म्हणजे संमती. बारा वर्षं तुमचं मत असंच तर लिहितोय."

बारा वर्षं! देवासाठी राखलेलं मौन यांनी शिक्क्यासारखं वापरलं होतं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हे इतिवृत्त अजून मंजूर झालेलं नाही, भाऊजी," मी म्हणाले. "माझं नाव खोडा आणि माझा नकार लिहा."