ताई येईपर्यंत

पाळणाघरातली मुलं त्याला दादा म्हणत. मेहुणा त्याला 'मिशीवाली आया' म्हणे आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरधरून हसे. आई शेजारणींना सांगे, "मुलगा शाळेत असतो," आणि घाईघाईने विषय बदले. दादा हे सगळं हसण्यावारी नेई. रडून रडून दमलेलं पोर खांद्यावर झोपी गेलं की त्याला मेहुण्याच्या नाकावर टिच्चून जगल्याचं समाधान मिळे.

पण मध्यंतरी कुठल्याशा पालकाने कुजबुज केली आणि संचालिकाबाईंनी नियम काढला. दादा मुलांचे कपडे बदलत असेल तेव्हा एखादी ताई शेजारी उभी हवी. "तुमच्यावर संशय नाही हो," त्या म्हणाल्या, "पण लोकांची तोंडं कोण धरणार?" तायांना असला काही नियम नव्हता. दादाने मान डोलावली. करतो काय? नोकरी अजून कच्ची होती, आणि ती पक्की करायची की नारळ द्यायचा हे आज ठरायचं होतं.

त्यामुळे सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. लावलेली खेळणी पुन्हा लावून झाली, स्वच्छ फरशी पुन्हा पुसून झाली. दुपारी सगळी मुलं झोपली आणि नेमकी चिमणी रडत उठली. चिमणी म्हणजे चोचीने टिपल्यासारखं जेवणारी एवढीशी पोर. कडेवर घ्यायला तिला दादाच लागे. तिचं पोट बिघडलं होतं. डायपर भरून ओघळ पायांवर आले होते, आणि आधीच उठलेल्या पुरळावर ते झोंबत होते.

"ताई!" दादाने हाक मारली.

"आले, आले!" ताईचा आवाज फाटकाकडून आला. तिथे एक आजोबा नातवाच्या औषधावरून तिच्याशी हुज्जत घालत होते.

चिमणीने दोन्ही हात वर केले. दादा दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "आलीच हं ताई, आलीच," असं कितीदा म्हणाला कोण जाणे. शेवटी राहवेना, तो वाकला, हात पुढे केले. तेवढ्यात काचेपलीकडे फोनवर बोलणाऱ्या संचालिकाबाईंनी तळहात दाखवला. थांबा! त्याने हात मागे घेतले.

पोरीला यातलं काय कळणार? ती रडायचीच थांबली आणि त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. त्यापेक्षा रडली असती तर बरं, असं त्याला झालं.

ताई धापा टाकत आली. मग दादाने चिमणीला धुतलं, पुसलं, हलक्या हाताने मलम लावलं. कातडी लालभडक झाली होती.

"संयम दाखवलात," संचालिकाबाई दारात येऊन म्हणाल्या. "एखाद्याने घाई केली असती. तुमचं पक्कं समजा."

दादाला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

पुन्हा झोपलेली चिमणी संध्याकाळी जागी झाली. "ये गं चिमणे," म्हणत तो गुडघ्यांवर बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याला वळसा घातला आणि ताईच्या ओढणीचं टोक घट्ट धरलं.

"अरे वा! आज मी लाडकी वाटतं!" ताई हसली. दादालाही हसावं लागलं.

नोकरी पक्की झाल्याचं घरी फोन करून सांगायचं होतं. ते काही त्याच्याने होईना.