शेवाळाच्या गोळ्यांचं उद्घाटन

तेजश्रीनं तळेगाव ढमढेऱ्यात शेवाळाचे हौद घातले. शेवाळातला निळा रंग आईस्क्रीमवाले उचलायचे, पण मागं उरलेला चोथा शेडमागं असा घमघमायचा की शेजारची भागुबाई रोज ओरडायची, "आगं, म्हैस मेली का काय तुझ्यात?"

मग तेजश्रीनं चोथा वाळवला, मशिनीत दाबला आन् करंगळीएवढ्या जळणाच्या गोळ्या पाडल्या. कासुर्डीचे ढाबेवाले साहेबराव म्हणले, "ताई, यावर एक किटली चहा उकळून दावा. उकळला, की सगळा माल माझ्या भट्टीला."

काम एवढंच होतं. पण चुलतसासरे भिमाजीआबा पडले सोसायटीचे चेअरमन. त्यांनी उद्घाटनच काढलं: मांडव, फेटे, स्पीकर! होता नव्हता तो माल शोभेसाठी एका ढिगात ओतला.

"आबा, नारळ मशिनीवर फोडा. गोळ्यांना पाणी चालत न्हाई."

"मशीन भाड्याचं हाय, सूनबाई. पूजा आपल्या मालाची करायची."

ढिगात दगड रोवून आबांनी नारळ फोडला. घोटभर पाणी. तेवढ्यात सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या पॅनेलचा विश्वजीत उठला.

"म्हंजी आमी काय नुस्तं जेवाय आलोय?"

त्याचा नारळ फुटला. लगेच बचत गटाच्या सविताताई, "बायांचा मान कुठाय?" म्हणत पुढं. विरोधक वरचढ नको म्हणून आबांनी आणखी दोन फोडले. विश्वजीतनं तीन. तेजश्री मधी आडवी पडायची तेवढी राहिली. ढिगाचं हिरवं पिठलं झालं.

तिनं तसंच ते चुलीत घातलं, वर किटली ठेवली आन् काडी लावली. फुस्स! असा धूर निघाला की आबांचं भाषण जन्मात पहिल्यांदा अर्ध्यात थांबलं. लाज झाकायला त्यांनी गुपचूप चुलीत करवंट्या-शेंड्या सारल्या. भडका! चहा उतू गेला.

साहेबरावांनी बशीतून भुरका मारला, डोळे पुसले, चुलीत वाकून बघितलं.

"ताई, गोळ्यांचं ऱ्हाऊ द्या. ह्ये केसाळ जळण झकास हाय. वर्षभर पुरवाल का?"

तेजश्रीनं मागं बघितलं. पुढच्या उद्घाटनाचा पहिला नारळ कुणाचा, यावरनं आबा आन् विश्वजीतची गचांडी धरायची वेळ आली होती.

"पुरवते की," ती म्हणाली. "दोन्ही पॅनेलं जित्ती हायेत तवर तुमची भट्टी इझायची न्हाई."