कोपरा कापलेला नकाशा

मी नकाशा बोलतोय. पण माझ्यातला देश शोधायला निघाल, तर कुठलीच मोटार तुम्हाला तिथं नेऊन सोडणार नाही. सावळदेश हे नाव शाळेच्या भूगोलात नाही, तहसिलीच्या दप्तरात नाही. ते फक्त माझ्यावर आहे. तरीही तो देश खरा आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कुणीतरी तुम्हाला नेमकं उलटं सांगणार आहे.

मला दोन बाजू आहेत. पाठीवर आष्टी गावाचा जुना नकाशा आहे, निजामाच्या राज्यात काढलेला, सगळी अक्षरं उर्दूत. ते राज्य गेलं आणि जालन्याच्या कचेऱ्यांत मराठी कागद येऊ लागले. जगन्नाथराव जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होते. माझी नवी नक्कल करताना त्यांच्याच हातून दौत माझ्यावर कलंडली. साहेब म्हणाले, फेकून द्या. पण जगन्नाथरावांना चांगला जाड कागद फेकवेना. पोरांच्या वह्यांना कव्हरं होतील म्हणून त्यांनी मला गुंडाळून घरी आणलं.

कव्हरं व्हायचं माझ्या नशिबी नव्हतं. शाई कागदातून पलीकडे उतरली होती आणि माझ्या कोऱ्या बाजूवर, वरच्या अंगाला, वीतभर काळा डाग पडला होता. जगन्नाथरावांची चौदा वर्षांची मुलगी उमा हिनं मला ओसरीवर पसरलं आणि त्या डागावर बोट ठेवलं.

"दादा, इथं कोण राहत असंल?"

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ मार्तंड. तो मास्तरकीचं शिकत होता. "शाई सांडली बाई ती. तिथं कोण राहणार?"

"कुणीतरी राहून राह्यलंय," उमा म्हणाली. "अन् ते चांगलं न्हाई."

माझा खरा जन्म तिथून धरा. १९४९ सालच्या त्या दुपारी डागात काजळराया राहायला आला. तो माणसं मारत नसे, माणसांची नावं गिळत असे. ज्याचं नाव गेलं त्याला घरात कुणी ओळखत नसे. आई म्हणे, कोण रे तू, पाणी पाहिजे का? आणि दार लावून घेई.

मग बाकीचा देश वसला. उफराटी नदी समुद्रातून निघून डोंगराकडे वाहू लागली. डोंगरांचं नाव मुके डोंगर, तिथं कितीही ओरडा, पडसाद येत नाही. आणि खाली, गवताच्या माळावर, आवडी नावाची मेंढ्या राखणारी पोर आली. तिच्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यात तांब्याची घंटा होती. घंटा वाजवून जे मागाल ते होई. पण प्रत्येक वेळी घंटा आवडीची एक आठवण काढून घेई. एकदा पूर ओसरला आणि आवडी आजीचा चेहरा विसरली. एकदा वाट सापडली आणि तिला आईची हाक आठवेना.

मार्तंडाला असल्या गोष्टीत घाई फार. "उडता घोडा देऊन टाक तिला, काजळरायाकडं जल्दी पोचंल."

"अन् घोडा खाणार काय? त्या डोंगरांत गवत न्हाई."

"जादूचा घोडा हाय न?"

"जादूचा असला म्हणून काय झालं, पोट तर असंल त्याला."

उमाच्या देशात मनाला येईल तसं काही चालत नसे. नदी डोंगराकडे वाहते म्हटल्यावर डोंगरातल्या विहिरी भरलेल्या आणि समुद्रकाठची माणसं तहानलेली, हे तिनं ठरवून ठेवलं होतं. वडिलांच्या पट्टीनं तिनं अंतरं मोजली. एक बोट म्हणजे एका दिवसाची चाल. आवडीला काजळरायापर्यंत पोचायला सात दिवस लागत, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. गल्लीतल्या पोरी दुपारी डाळ निवडायला जमायच्या आणि आजचा दिवस कुठवर आला ते माझ्यावर बोट ठेवून विचारायच्या. उमाची आई दुर्गाबाई वरून म्हणायची, "हात चालू द्या गं," आणि तिचाच हात थांबलेला असायचा.

मला गर्व झाला होता, कबूल करतो. माझी पाठ आष्टीची, खऱ्या गावाची, पण तिच्यावरच्या विहिरी आटल्या, बांध सरकले, वाटण्या झाल्या, आणि तिच्यातलं निम्मं दहा वर्षांत चुकीचं ठरलं. सावळदेशातला एक ओढासुद्धा जागचा हलला नाही.

मार्तंडाचं अक्षर फार सुंदर होतं. माझ्यावरची सगळी नावं त्यानंच टाकानं लिहिली. काम संपलं तेव्हा उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात त्यानं आपणहून एक ओळ काढली : 'हा देश उमाने वसवला.' उमा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मलाही तेव्हा मार्तंड आवडला होता. हे सांगताना आज लाज वाटते.

एक जागा मात्र बिननावाची राहिली. माळाच्या कडेला उमानं लाल शाईचा एक बारीक ठिपका दिला होता. मार्तंडानं विचारलं, "इथं काय लिहू?" ती म्हणाली, "काही न्हाई. तो शेवट हाय."

१९५४ साली उमाचं लग्न झालं. तीर्थपुरीचे शरदचंद्र, दवाखान्यात कंपाउंडर, साधा भला माणूस. ती ट्रंक भरत होती तेव्हा मार्तंड म्हणाला, "नकाशा माझ्याजवळ राहू दे. मी पुस्तक लिहून काढतो तुझं. छापून आणतो."

उमा त्याच्याकडे बघतच राहिली. आपल्या घरातल्या मुलीचं पुस्तक होऊ शकतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मग ती म्हणाली, "दोनच गोष्टी, दादा. नाव माझं राहू दे. अन् शेवट मनानं लिहू नको. पुस्तक छापायला निघालं की मी येऊन सांगते."

"बिलकुल," मार्तंड म्हणाला. माझ्यावर हात ठेवून म्हणाला. त्या हाताचा घाम मला अजून आठवतो.

दोन वर्षं त्यानं लिहिलं. मी त्याच्या कोपराखाली असायचो. सुरुवातीला सगळं बरोबर होतं, आवडी होती, घंटा होती, उफराटी वाहत होती. मग तो औरंगाबादला एका प्रकाशकाला भेटून आला आणि टेबलाशी बसून पानंच्या पानं खोडू लागला. खोडताना तो प्रकाशकाचे शब्द स्वतःशीच घोळवत असे. मेंढरं राखणाऱ्या पोरीची गोष्ट कोण वाचणार? राजपुत्र घाला. आठवणी विसरण्याची भानगड काढा, मुलं रडतील. आवडीचा राजपुत्र विक्रमसेन झाला. घंटेची तलवार झाली. त्या तलवारीनं काहीही होई आणि बदल्यात काहीच जात नसे. उडता घोडासुद्धा आला. गवताचं कुणी विचारलं नाही.

मला वाटायचं, निदान शेवटाला तरी तो तीर्थपुरीला पत्र टाकेल. त्यानं टाकलं नाही.

एका सकाळी त्यानं कात्री घेतली. प्रकाशकाला मला दाखवायला न्यायचं होतं. त्यानं माझा खालचा कोपरा सरळ रेषेत कापला. स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ स्वतःच्या हातानं कापली. तो तुकडा थोडा वेळ मुठीत धरून बसला आणि मग खिडकीबाहेर टाकून दिला. आणि गंमत बघा, प्रकाशकानं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. "गोष्टीच्या पुस्तकाला नकाशा कशाला?" एवढंच म्हणाला. मला कापून कुणाचं काही साधलं नव्हतं. घरी आल्यावर मार्तंडानं मला फळीवर अंथरलं, आष्टीची बाजू वर करून, आणि वर शाळेच्या वह्या ठेवल्या.

१९५७ सालची दिवाळी. भाऊबीजेला उमा माहेरी आली. पाट मांडला, रांगोळी घातली, तिनं मार्तंडाला ओवाळलं. मार्तंडानं तबकात कागदात बांधलेली वस्तू ठेवली. "उघड तर," तो म्हणाला. आवाजात खरंच आनंद होता. हेच मला आजवर पचलेलं नाही.

आत पुस्तक होतं. 'काजळरायाचा वध.' ते नाव वाचून उमा हसली, अगदी लहानपणीसारखी. मग तिनं खालचं नाव वाचलं. मार्तंडाचं होतं. तिनं सरळ शेवटचं पान उघडलं आणि किती तरी वेळ ती त्याच पानावर होती.

"दादा, कोण झोपलं होतं?"

"काय?"

"इथं लिहिलंय, राजपुत्राला जाग आली, ते सारे स्वप्नच होते. माझ्या देशात कोण झोपलं होतं? आवडी तर सात दिवस चालून राह्यली होती."

"अगं, असं लिहावं लागतं. शाळेत पुस्तक जायचं म्हणल्यावर पोरांना हे खरं वाटून कसं चालंल? असा देश असतो का कुठं?"

दुर्गाबाई मधे पडली. "भाऊच हाय न तुझा. नाव घरातच राह्यलं न? सणाच्या दिवशी डोळ्यात पाणी काढू नको, उमे."

"नाव घेतलं तर घेतलं, आई," उमा म्हणाली. "पण ह्यानं माझा देश खोटा पाडला." आणि मग तिनं विचारलं, "नकाशा कुठंय?"

मार्तंडानं वह्या सरकवून मला बाहेर काढलं. उमानं मला उलटं केलं आणि तिचा अंगठा नेहमीच्या जागी, खालच्या कोपऱ्यावर गेला. तिथं काही नव्हतं.

"फाटलं असंल," मार्तंड तबकाकडे बघत म्हणाला.

जगन्नाथराव तेवढ्यात उठले. त्यांची नजर अधू झाली होती. त्यांनी मला हातात घेतलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. सगळा जन्म कागदात गेलेला माणूस. "फाटलं न्हाई," ते म्हणाले. "कात्रीनं कापलंय." आणि मला उमाच्या हातात देऊन ते ओसरीवर जाऊन बसले. मुलाला एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं, बोलतील.

उमानं मला पिशवीत घातलं. पुस्तक तबकातच राहिलं.

तीर्थपुरीला आल्यावर तिनं खळ शिजवून माझ्या कोपऱ्याला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला. त्यावर आता ती काहीतरी लिहील म्हणून मी वाट बघितली. ती लिहायला बसायची, टाक बुडवायची आणि ठेवून द्यायची. मला राग यायचा. लिही ना, देश तुझाच आहे, असं ओरडावंसं वाटायचं. पण मला बोलता येत असतं तर त्या भाऊबीजेलाच बोललो नसतो का?

तीन उन्हाळे गेले. यंदा कुरडया घालायला शेजारच्या पोरी अंगणात जमल्या होत्या. एक जण म्हणाली, काकू, काहीतरी सांगा की. उमानं मला आणून खाटेवर पसरलं. इतक्या वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं. तिनं काळ्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं कोण राहत असंल, सांगा बरं?"

पोरींचे हात थांबले. आवडी निघाली, घंटा वाजली, आजीचा चेहरा पुसला गेला. उमाचा आवाज पुन्हा ओसरीवरच्या त्या मुलीसारखा झाला होता. मला वाटलं, आज ती शेवट सांगणार. आज मी पुरा होणार.

तेवढ्यात शरयू नावाची सहावीतली पोर बोलली. "काकू, ही तर आमच्या शाळेच्या पुस्तकातली गोष्ट हाय. तुम्ही चुकवून सांगून राह्यल्या. तिथं पोरगी नसती, राजपुत्र असतो. अन् शेवटी ते सगळं सपान निघतं."

"काकूनं पुस्तकातली चोरली!" दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

उमानं माझ्या पांढऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मी तिला दाखवणार काय होतो? पुरावा म्हणून माझ्यापाशी एवढीच जागा होती आणि ती कोरी होती.

"हो गं," उमा म्हणाली. "पुस्तकातलीच हाय. चला, चीक वाळून राह्यलाय."

मार्तंडाच्या कात्रीचं मला दुःख झालं होतं, पण ते सोसलं. ह्या वाक्यानं मात्र मी मोडलो. जिनं मला वसवलं, तिनंच मला परकं म्हटलं. मी तिच्यावर रागावलो. अजूनही राग आहे. आणि तरी, पोरी गेल्यावर माझी घडी घालताना तिचं बोट त्या लाल ठिपक्यावर थांबलं आणि ती पुटपुटली, ते मी ऐकलं. शेवट तिनं मला एकट्याला सांगितला.

आता मी तिच्या ट्रंकेच्या तळाशी आहे, पुन्हा आष्टीची बाजू वर. वर लुगडी आहेत. घडीवर मी विरत चाललोय, उफराटी नदी दोन ठिकाणी तुटली आहे. पुन्हा मला कोण उघडेल, ठाऊक नाही. म्हणून तो शेवट तुमच्याजवळ ठेवून जातो.

सातव्या दिवशी आवडी काजळरायासमोर उभी राहिली. तिनं शेवटची घंटा वाजवली आणि घंटेला सांगितलं, माझं नावच घेऊन जा. काजळरायानं तोंड उघडलं तेव्हा गिळायला काही नव्हतं. तो उपाशी झाला, विरला, आणि देशातली सगळी नावं घरोघर परत गेली. आवडीचं तेवढं परत आलं नाही. ती सात दिवस चालून माळावर आली. जिथं तो लाल ठिपका आहे, तिथं तिचं घर होतं. आई दारात आली आणि म्हणाली, कोण गं तू, पाणी पाहिजे का? तेव्हा मागच्या मेंढवाड्यातून तिच्या मेंढ्या धावत आल्या आणि तिला चिकटून उभ्या राहिल्या.

कुठल्या शाळेच्या कपाटात मार्तंडाचं ते पुस्तक तुमच्या हाती आलं, तर जरूर वाचा. फक्त शेवटच्या पानावर विश्वास ठेवू नका. त्या दिवशी सावळदेशात कुणाला जाग आली नाही. कुणी झोपलंच नव्हतं.