दहाव्याचं भाषण

माईक हातात आला तसा अवधूत सरांनी घसा खाकरला. कानिफनाथच्या दहाव्याला सोनईच्या घाटावर निम्मं गाव लोटलं होतं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं चालतात, आणि आज कावळ्याचा पत्ता नव्हता. पुढारी बोलून झाले, सोसायटीचे चेअरमन बोलून झाले. मग कुणीतरी म्हणालं, कानिफचा कॉलेजातला दोस्त भिंगारहून आलाय, प्रोफेसर आहे, त्यांना बोलू द्या. सर याच बोलावण्याची वाट बघत होते. वर्गात हमखास रंगणारा दाखला त्यांनी इथंही काढला.

"समजा, एक माणूस कृष्णविवरात पडतोय आणि आपण लांबून बघतोय. त्याच्याकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत उशिरा, आणखी उशिरा पोचत जातो. त्यामुळं तो आत गेलेला आपल्याला कधीच दिसत नाही. काठावर थबकलेलाच दिसतो. आपला कानिफनाथही तसाच..."

"शिवला! शिवला!"

सगळे एकदम उठले. माईक बंद झाला. ते थबकलेलं रूपही हळूहळू विझत जातं, हे सांगायचं राहूनच गेलं. सरांना चुटपुट लागली. जिवलग मित्राच्या दहाव्याला चुटपुट कशाची, तर भाषण अर्धं राहिल्याची!

पंगत बसायच्या आधी कानिफनाथची बायको मुक्ताबाई त्यांच्यापाशी आली.

"भावजी, मानूस आत गेलेला दिसतच न्हाई म्हनला तुमी?"

"लांबून बघणाऱ्याला नाही दिसत, वहिनी."

"आन् जो त्याच्या संगं हाय, त्याला?"

सर अडखळले. "जो त्याच्याबरोबर पडतो, त्याला... थबकलेलं काही दिसत नाही. दोघं सरळ आत जातात."

"व्हय," ती म्हणाली. "तसंच झालं."

सरांचे कान तापले. कानिफच्या आजारपणाचे सगळे महिने ते फोनवर 'येत्या रविवारी येतो' म्हणत राहिले होते. डोळ्यांपुढं कॉलेजातला धडधाकट कानिफ असायचा; वाटायचं, एवढी काय घाई आहे. भिंगारहून सोनई काही आभाळात नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, मी यायला हवं होतं."

"ते म्हनायचे, अवधूत येनार हाय. दर रविवारी दाढी करून घ्यायचे माझ्याकडनं." तिनं पदर सावरला. "चला, पानं वाढल्यात."

ती पुढं गेली. सरांचा हात आपल्याच हनुवटीवर गेला. आज चार लोकांसमोर बोलावं लागेल म्हणून त्यांनी पहाटे उठून गुळगुळीत दाढी केली होती.