आकडेबाबाने उतरवलेला तोटा

हिशेब विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. विक्रीवाले, गोदामवाले, सगळे एका पडद्याभोवती दाटीवाटीने उभे होते आणि पडद्यासमोर बसला होता आकडेबाबा. नाव विक्रीवाल्यांनी ठेवलेलं. तो स्वतःला सॉफ्टवेअरचा सल्लागार म्हणवायचा. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा हा कारखाना काही महिने तोट्यात होता, आणि हा गृहस्थ म्हणे नुसता हात फिरवून तोटा उतरवायचा.

"आकडे रुसलेत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्यांना समजवावं लागतं. सगळ्यांनी डोळे मिटा. एकाच्या जरी मनात शंका असली तरी ऊर्जा अडते."

हा टोमणा लेखाप्रमुख बाईंना होता. पहिल्या दिवसापासून त्या त्याला साधे प्रश्न विचारत होत्या आणि तो त्यांच्या कपाळावर काळी सावली दिसते म्हणत होता. शिकलीसवरली माणसं मुकाट्याने डोळे मिटून उभी राहिली. बाईंनी मिटले नाहीत. त्यांना दिसली ती पाकीटमाराच्या सफाईने कळफलकावर फिरणारी बोटं.

डोळे उघडले तर तोटा गायब, तिथे घसघशीत नफा. कुणी हात जोडले.  आईचं घर तारण ठेवून दुसरा कारखाना काढायचा आणि बाबाला नफ्यात वाटा द्यायचा, हे मालकाने तर तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

 बाई आपल्या टेबलाशी गेल्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर एकाच कारखान्याचा हिशेब दोन वह्यांत ठेवायचं, एक बँकेसाठी, दुसरी करासाठी. बाबाचा हात फिरला होता तो बँकेच्या वहीवर. बाईंनी करवही उघडली. तोटा तिथे ठाण मांडून बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी मालकाची आई तारणाच्या कागदावर सही करायला आली. बाबाही होता, गर्दीही होती. बाईंनी बोलायची परवानगी मागितली तेव्हा मालक वैतागला. तुम्हाला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं सगळ्यांदेखत बोलला. आई म्हणाली, "बोलू दे तिला. घर माझं आहे."

"मीही चमत्कार करते," बाई म्हणाल्या. "फक्त माझ्या वेळी डोळे उघडे ठेवा."

त्यांनी बँकेच्या वहीतला एक तक्ता पडद्यावर आणला. न गळणाऱ्या झाकणाचं तंत्र वापरायचा परवाना कारखान्याने चार वर्षांसाठी घेतला होता आणि पैसे एकदम भरले होते. तो खर्च महिन्यामहिन्याला वाटून दाखवायचा, त्याचा हा तक्ता. बाबाने मुदतीच्या रकान्यात चाराचे चाळीस केले होते. महिन्याचा खर्च दहावा भाग उरला, की तोट्याचा नफा झाला. बाईंनी चाळीस खोडून चारशे घातले. नफा आणखी फुगला. मग चार घातले. तोटा परत आला.

"दोन वह्यांत फरक असू शकतो, नियम वेगळे असतात," त्या म्हणाल्या. "पण का आहे ते सांगता आलं पाहिजे. या फरकाचं कारण एवढंच, की या बाबाला करवहीत शिरायची मुभा नव्हती."

आई बाबाकडे वळली. "चार वर्षांनी परवाना संपला, की उरलेला खर्च जाणार कुठे?"

"माताजी, श्रद्धा असेल तर..."

"कुठे जाणार ते सांग."

 सगळ्यांच्या मनातली घाण आपल्याला सोसवत नाही, असं काहीतरी पुटपुटत बाबाने पिशवी उचलून दार गाठलं. आईने कागद सही न करताच मुलाच्या हातात दिला. मालक मान खाली घालून बसला होता. बाईंची माफी मागायचं मात्र त्याला सुचलं नाही.

विक्रीवाल्यांपैकी एकजण चाचरत म्हणाला, "पण बाई, आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही डोळे मिटले होते. आता तोटा समोर आहे. गिऱ्हाइकांकडून कुठली झाकणं परत येतात आणि का, ते शोधूया. आणि इथून पुढे कुणीही डोळे मिटायला सांगितलं, तर आधी विचारा, कशासाठी?"